कोमट

यंदा गणपतींबरोबर आमच्या घरातलं गरम पाणीही गेलं. गणपती पुढच्या वर्षी येणार याची खात्री होती. पाण्याने तसं काही सांगितलं नव्हतं.

डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचा टू बीएचके. माळ्यावर २५ लिटरचा एकच गिझर आणि त्याच्या जिवावर दोन बाथरूम, एक आमची, दुसरी आईच्या खोलीतली. आंघोळीचा क्रम वयावर ठरत नाही, मानावर तर नाहीच, तो लोकलवर ठरतो. आधी लेक, कारण तिचं कॉलेज ठाण्याला. मग मी, मग बायको. मुलगा सगळ्यांत शेवटी, कारण तो घरून काम करतो आणि कॅमेऱ्यात फक्त चेहरा दिसतो. आई तिला हवं तेव्हा. इतकी वर्षं तिसऱ्या माणसापर्यंत पाणी कढत यायचं. आता पहिल्यालाच गरम नळ पूर्ण सोडूनही कोमट, आणि तिसऱ्याला थेट बारवी धरणातून मागवल्यासारखं.

गार पाण्याचं एक बरं असतं. डोक्यावर ओतायचं, 'हर हर गंगे' म्हणायचं, कुडकुडत बाहेर यायचं आणि दिवसभर लोकांना सांगायचं. कोमट पाण्याला काय म्हणणार? कोमट पाण्याने आंघोळ झालेला माणूस नीट चिडूही शकत नाही.

घरातल्यांनी मात्र ते जमवलं. बायकोचा संशय लेकीच्या केसांवर. लेकीचा माझ्या गाण्यावर: "बाबांचा भूप संपेपर्यंत टाकी संपते." मुलाने थर्मोस्टॅट, पाण्याचं वस्तुमान असे शब्द वापरून कागदावर हिशोब मांडला. नळाचं पाणी २५ अंश धरलं, गिझर ६० अंशांवर ठेवला, तर २५ लिटर पाणी तापायला साधारण एक युनिट वीज आणि २ किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास लागतो. तेच पाणी आंघोळीपुरतं, म्हणजे ४० अंशांपर्यंत निववलं, तर कागदावर ५८ लिटर भरतं. म्हणजे पावणेतीन बादल्या. "आपण माणसं पाच," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. घरात जादा माणूस कोण, असा प्रश्न पडला की सगळे माझ्याकडेच का पाहतात, याचाही एकदा हिशोब मांडायला हवा. पण मुद्दा असा की गणपतीच्या आधीही आम्ही पाचच होतो, आणि पाणी पुरत होतं.

ठाण्याच्या भावोजींना फोन केला. ते घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतात आणि तेवढ्याच उंचीवरून बोलतात. "अहो, किती तारे आहेत तुमच्या गिझरवर? आमच्यावर पाच आहेत." मी स्टूलवर चढून तारे मोजले. चार निघाले. महिनाभर मला वाटत होतं की त्या एका ताऱ्याने घात केला. मग कळलं, गिझरवरचे तारे एवढंच सांगतात की तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर दिवसभरात किती उष्णता गळते. आमच्याकडे पाणी नुसतं पडून राहण्याची चैन कुणाला आहे?

मग कंपनीचा माणूस आला. झाकण उघडण्याआधीच म्हणाला, "कॉइल गेली." आमच्या डॉक्टरांनाही इतक्या लवकर निदान जमत नाही. पण उघडल्यावर तो अगदीच चुकीचा नव्हता. कॉइलवर पांढऱ्या क्षाराचं बोटभर कवच चढलं होतं. नळाला येणारं उल्हास नदीचं पाणी तसं सौम्य, पण आमच्या सोसायटीत वर्षातले काही महिने टँकर येतात, आणि बोअरवेलचं ते पाणी जिथे तापेल तिथे आपली आठवण ठेवून जातं. कवच चढलं की कॉइलची ऊब पाण्यापर्यंत उशिरा पोचते आणि आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो. हा आवाज वर्षभर येत होता आणि मी समजत होतो, वरच्या मजल्यावरचे काहीतरी कुटतात. त्या माणसाने टाकीतून एक झिजलेली दांडीही काढून दाखवली. मॅग्नेशियमची असते. टाकीला लागायचा गंज ती स्वतःवर ओढून घेते आणि कुणाला पत्ता न लागता झिजून संपते. मला तिच्याविषयी अचानक फार आपुलकी वाटली. "नवीन टाका," बायको म्हणाली. दांडीबद्दलच म्हणाली.

नवी कॉइल, नवी दांडी, नवं बिल. दुसऱ्या दिवशी गिझर निम्म्या वेळात तापला, आणि नळाला पाणी आलं, कोमट.

मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. नळाखाली तांब्या धरला आणि त्यात तापाचा थर्मामीटर बुडवला. आई दारात उभी होती. "गिझरला ताप आलाय का रे?" मी म्हटलं, ताप नाही, तोच तर आजार आहे. पारा ३६ वर येऊन थांबला. माणूस असता तर कामावर पाठवला असता.

आईचं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. तिथल्या वाड्यात तांब्याचा बंब होता. या घरात पाण्याची गोष्ट निघाली की आई थेट तिथे जाते आणि आम्ही मान डोलवत मनाने दुसरीकडे जातो. त्या दिवशी सुटका नव्हती, कारण हातात तांब्या होता. बंबाच्या पोटात मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. एका बाजूच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, ते तळाशी जातं. तळाचं गार पाणी वरच्या गरम पाण्याला ढकलतं आणि दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत पाणी बाहेर पडतं. "घालशील तेवढंच मिळेल. एक तांब्या घाल, एक तांब्या घे. नाही घातलंस, नाही मिळणार. आणि वरून विसण मात्र आपलं आपण घ्यायचं." विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. लेकीला तो शब्द समजावावा लागला. तिच्या पिढीत विसणाचं काम मिक्सर करतो.

मी ऐकत होतो आणि एकदम लक्षात आलं, की गिझर म्हणजे वीज भरलेला बंबच. गार पाणी खालून शिरतं, गरम वरून निघतं, आणि त्यांनी एकमेकांत मिसळायचं नाही. डोंबिवलीला चढणारे एका दाराने आणि उतरणारे दुसऱ्या दाराने जाऊ लागले तर कसं होईल, तसं. माणसांना जे जमलं नाही ते पाण्याला जमतं, कारण गरम पाणी हलकं असतं आणि आपली जागा सोडून खाली येत नाही.

म्हणजे आईच्या नियमाने, घातलं नाही तर मिळायला नको. मी माळ्यावर चढलो, गिझरात गार पाणी नेणारा अँगल कॉक घट्ट बंद केला, खाली येऊन आमच्या बाथरूममधला गरम नळ सोडला. दोन-चार थेंब पडून थांबायला हवं होतं.

धो धो पाणी आलं. गार.

बंबात एक थेंब न घालता तोटीतून धार! अंगावर काटा आला तो पाण्याच्या गारव्याने नव्हे. हे पाणी गिझरमधून येत नव्हतं, म्हणजे घरात कुठेतरी गार पाण्याची लाइन गुपचूप गरम लाइनमध्ये शिरत होती. पाइपवर हात ठेवत ठेवत मी आईच्या बाथरूमपर्यंत गेलो. आणि तिथे गुन्हेगार सापडला.

गणपतीत मी आईसाठी खटक्याचा हँड शॉवर आणला होता. तिला वाकायला नको, नळ फिरवायला नको. दोन्ही नळ किती सोडायचे हे मी अर्धा तास खर्चून ठरवलं आणि सगळ्यांना बजावलं, "नळांना कुणी हात लावायचा नाही. मी सेट केलंय. फक्त खटका दाबायचा." खटका सोडला की शॉवर बंद. पण त्याच्या मागे गरम आणि गार दोन्ही नळ रात्रंदिवस उघडे, आणि मिक्सरच्या पोटात दोन्ही लाइनींची गळाभेट. आम्ही इकडे गरम नळ सोडला की गिझरमधून वळसा घेऊन येण्यापेक्षा गार पाण्याला हा शॉर्टकट सोपा पडायचा. उलट कुणी फ्लश ओढला, बेसिनचा गार नळ सोडला, की गिझरमधलं कढत पाणी तिकडे पळायचं. दीड महिना आम्ही महागाच्या विजेने फ्लशची टाकी तापवत होतो.

आणि आईने हे सांगितलं होतं. अनंत चतुर्दशीच्या आसपासच म्हणाली होती, "पॅसेजमधल्या बेसिनला हल्ली पहाटे कोमट पाणी येतं, बरं वाटतं." मी ऑक्टोबर हीटने गच्चीवरचे पाइप तापतात असं उत्तर दिलं होतं. सप्टेंबरात. पहाटे पाचला.

मी दोन्ही नळ बंद केले आणि कुणाला काही बोललो नाही. पाणी कढत झालं. बायकोला वाटलं कॉइल रुळली. भावोजींना वाटलं त्यांच्या सांगण्याने आम्ही पाच ताऱ्यांवाला घेतला, आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मुलाने हिशोबात टाकीची गळती धरून सगळं बरोबर आणून दाखवलं.

नरक चतुर्दशीला पहाटे साडेतीनपासून आमच्याकडे घाई. लेकीला नऊवारी नेसून फडके रोडवर जायचं होतं. त्या पहाटे डोंबिवलीतली सगळी तरुण मंडळी नटून गणेश मंदिराकडे निघतात, आणि मागे घराघरांतले गिझर धापा टाकत राहतात. सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जावं लागतं म्हणतात. गेले दीड महिने मला वाटायचं, निदान तिथे तेल तरी कढत असेल.

आईला तेल-उटणं लावून झालं. "आज ती सोंड नको, बादलीच भर," ती म्हणाली. मी भरली. तिने बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "केवढं कढत! विसण घाल." मी गार पाणी घातलं, दोन्ही नळ बंद केले, गावाला निघताना गॅस तपासतात तसे पुन्हा एकदा पिळून पाहिले. आई बघत होती.

"तो बेसिनचा नळ मात्र दाखव कुणाला तरी," ती म्हणाली. "बिघडलाय. गार पाणी येतं."