उपनगरवासी गुप्तधनेच्छूंसाठी खुरपे-निवडीची मार्गदर्शिका

जमिनीत पुरलेले धातू शोधण्याचा छंद जडला की माणूस आधी सगळे पैसे यंत्रावर घालतो. काठीला थाळी लावलेले मेटल डिटेक्टर घरी येते, त्याला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, आणि पहिल्याच रविवारी ध्यानात येते की या यंत्राला फक्त ओरडता येते. पुढचे सारे हाताने करायचे. त्या वेळी हातात काय असते? आमटीचा डाव, नाहीतर कुंडीतली प्लॅस्टिकची खुरपी. डाव दहा मिनिटांत वाकतो, आणि संध्याकाळी घरात त्यावरून जे बोलणे होते त्यात छंद कायमचा मिटतो. तो मिटू नये एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू.

मार्गदर्शन अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील रहिवाशांपुरते आहे. दक्षिण मुंबईकरांनी आपली सोय वेगळी पाहावी. त्यांच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले तेव्हा त्यावर दारूगोळ्यासोबत सोन्याच्या १२४ विटा होत्या, प्रत्येकी पावणेतेरा किलोच्या आसपास, आणि गोदीतला गाळ उपसताना त्यांतल्या काही १९७०च्या दशकापर्यंत हाती लागत होत्या. तिथे खुरपे नको, ड्रेजर हवा. आपल्याकडे गोदी नाही. आपल्याकडे राबिट आहे.

म्हणून आधी जमीन समजून घ्यावी. उपनगरात ‘जमीन’ वरून खाली अशी लागते: पेव्हर ब्लॉक, त्याखाली बारीक खडी, त्याखाली राबिट, म्हणजे फुटक्या लाद्या, विटा, सळीचे तुकडे, कुणाच्यातरी न्हाणीघराच्या गुलाबी टाइल्स, त्याखाली मागच्या वेळचे पेव्हर ब्लॉक. मग मुरूम. मग काळा दगड, आणि तिथे विषय संपतो. हा दगड कसा आहे ते पाहायचे असेल तर अंधेरी पश्चिमेला गिलबर्ट हिलपाशी उभे राहावे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना झालेले बेसॉल्टचे उभे खांब आहेत ते. त्यांच्यावर चालेल असे हाताचे अवजार मिळत नाही; कुणी देऊ लागल्यास पावती मागावी. शिवाय बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे यंत्र नुसत्या दगडावरही कोकलते. अंधेरीत यंत्र वाजले तर पहिला संशय दगडावर घ्यावा, दुसरा सळीवर, तिसरा सोड्याच्या बाटलीच्या बुचावर. गुटख्याची चकाकती पुडी चौथी. सोन्याचा क्रमांक यादीत आहे, पण वेटिंग लिस्टमध्ये.

चौपाटीचे गणित निराळे. वेसावे, आक्सा, गोराई इथली ओली वाळू खारट पाण्यामुळे वीज वाहून नेते, आणि साधे यंत्र तिच्यावर अखंड बडबडते. कोरड्या वाळूत ते गप्प असते, पण तिथे खणायला पाते कशाला? भोके पाडलेले घमेले पुरे. चाळावे, हलवावे, उरेल ते पाहावे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूत वाकलेली माणसे दिसतात, त्यांच्या हाती याहून जास्त काही नसते आणि ती आपल्याहून जास्त कमावतात.

आता अवजाराकडे वळू.

टिकाव, कुदळ, पहार आणि फावडे ही चौकडी पहिल्या फेरीतच बाद करावी. ती कमकुवत म्हणून नव्हे. टिकाव घेऊन रस्त्याकडेला उभे राहिलात की पाच मिनिटांत तीन माणसे येऊन विचारतात, ‘पाणी कधी येणार?’ चौथा विचारतो, ‘इंटरनेटवाले का?’ याउलट, नारिंगी जाकीट घालून चार पत्रे उभे केले तर मुंबईत कुणी काहीही विचारत नाही, खड्डा पावसाळाभर तसाच राहिला तरी. हा मार्ग सोपा आहे, पण या मार्गदर्शिकेला तो सुचवता येत नाही.

नर्सरीत मिळणारी रंगीत मुठीची खुरपी पातळ पत्र्याची, दाबून आकार दिलेली असते. शेवंतीशी तिचे जमते. राबिटशी गाठ पडली की ती कोपरात वाकते आणि पुन्हा सरळ केल्यावर दुसऱ्यांदा तिथेच मोडते.

परदेशी माल चांगला असतो हे मान्य करून टाकावे. जपानचे होरी-होरी हे किंचित खोलगट पाते, एक कड धारेची आणि एक करवतीसारखी; मुळे कापायला तिच्यासारखी सोय नाही. पण कमरेला म्यान लावून ते घाटकोपरच्या पुलावरून नेऊन पाहा. स्टेशनच्या दारातली चौकट ते नसतानाही वाजते आणि वाजली म्हणून कुणी मान वर करत नाही, हे खरे. तरी ज्या एका दिवशी मान वर होईल तो दिवस आपलाच असेल. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळलेली आहेत. खुरपे शेतीचे. पिशवीत त्याच्याशेजारी मेथीची एक जुडी ठेवावी. कायद्याने तशी अट घातलेली नाही, पण चेहऱ्यावर शांती येते.

तर खुरपेच. आणि तेही घिसाड्याकडचे.

हमरस्त्याच्या कडेला भाता, ऐरण आणि कोळसे मांडून बसलेले घिसाडी कुटुंब आता पूर्वीइतके दिसत नाही. दिसले तर गाडी थांबवावी. एकजण सांडशीने धरतो, दुसरे माणूस, बहुधा घरातली बाई, घण घालते, आणि पाहता पाहता ट्रकच्या जुन्या कमानपट्टीतून पाते निघते. ही कमानपट्टी म्हणजेच सगळे मर्म. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो, जोडीला सिलिकॉन आणि मँगनीज. वाकून परत सरळ व्हायचे हाच त्याचा धर्म, आणि दहा टन वाळू वाहत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या खड्ड्यांतून त्याने तो वर्षानुवर्षे पाळलेला असतो. याहून कडक परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

पण नुसते लोखंड चांगले असून भागत नाही, पाणी नीट दिलेले हवे. लालभडक पाते एकदम विझवले की ते कडक होते आणि ठिसूळही. मग ते पुन्हा हलक्या आचेवर धरतात. घासून उजळलेल्या पात्यावर आधी गवताचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवले तर चालते. खणायच्या पात्याला निळ्याच्या जवळ जाऊ द्यावे: धार थोडी लवकर जाईल, पण दगडावर आपटून तुकडा उडणार नाही. हे घिसाड्याला शिकवू नये. तो आपल्या आजोबांपासून ओळखतो. फक्त ‘मुरमात चालवायचंय’ एवढे सांगावे, आणि भाव करताना लाज बाळगावी.

तयार खुरपे घ्यायचे झाल्यास नागदेवी स्ट्रीट गाठावी. लोहार चाळीत जाऊ नये. नावावर विश्वासून गेलेला माणूस तिथून तीन मीटर वायर आणि एक झुंबर घेऊन परततो. उपनगरात स्टेशन रोडच्या हार्डवेअरच्या दुकानातही खुरपी असतात, रंगाच्या डब्यांमागे. ‘काका, टिकेल ना?’ असे विचारल्यावर ‘आजवर कुणी परत नाही आणलं’ हे उत्तर मिळते. त्याचे दोन अर्थ होतात, म्हणून परीक्षा स्वतः करावी.

कानस सोबत न्यावी. पात्याच्या कडेवर ती जराशी अडखळत चावली पाहिजे. काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाते तडकेल. सुखाने खात गेली तर वाकेल. मग खुरपे दोरीला टांगून चमच्याने वाजवावे. टण्ण असा नाद लांबला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे किंवा मूठ सैल आहे. शेवटी दुकानाबाहेरच्या दोन पेव्हर ब्लॉकांच्या फटीत टोक घालून अंगाचा भार द्यावा. पाते लवून परत सरळ आले पाहिजे. ब्लॉक वर आला तर तो गुपचूप बसवावा.

सगळ्यात जास्त खुरपी मुठीत मरतात, हे मात्र गंभीरपणे सांगतो. पात्याचा जो दांडा मुठीत जातो तो अर्ध्यावरच संपत असेल तर ते खुरपे ठेवून द्यावे. तो मुठीच्या पार टोकापर्यंत जाऊन वळवलेला हवा. तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट बसलेली हवी, मूठ बाभळीची असली तर उत्तम. पाइपाची मूठ वेल्डिंगने जोडलेली दिसते भक्कम, पण तुटते ती वेल्डिंगपाशीच. लाकूड जुलैत फुगते, एप्रिलमध्ये आक्रसते, आणि मग मूठ खुळखुळते. रात्रभर पाण्यात भिजवली की घट्ट वाटते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यापेक्षा पाचर मारून घ्यावी. आणखी एक: मूठ लाकडीच असावी याला दुसरेही कारण आहे. उपनगरात यंत्र सगळ्यात आत्मविश्वासाने ज्यावर वाजते ती विजेची केबल असते. खणताना विटांची ओळ किंवा प्लॅस्टिकची धोक्याची पट्टी लागली तर तिथेच थांबावे, माती लोटावी आणि चहाला जावे. लाकडी मूठ तुम्हाला वाचवेल अशा भरवशावर मात्र राहू नये.

स्टेनलेस स्टीलचे घ्यावे का, असा प्रश्न मुलुंडकडून हमखास येतो. गंजत नाही हे खरे. पण भांड्यांचे स्टेनलेस तापवून-विझवून कडक होत नाही, त्यामुळे पाते चमकत राहते आणि वाकत राहते. कार्बनच्या पोलादाला तेल लावत बसावे लागते, एवढी सेवा करावी.

आता कुठे खणावे. बोरिवलीकरांचा जीव कान्हेरीत अडकलेला असतो, आणि तो तिथेच सोडवून घ्यावा. १८३९ साली जेम्स बर्ड याने कान्हेरीचा एक स्तूप उकरला, तांब्याच्या पात्रांत रक्षा आणि सोबत लेख असलेला ताम्रपट मिळाला. तो ताम्रपट पुढे हरवला, आता त्याच्या नकलेवर अभ्यास चालतो. साहेबाचे अवजार टिकाऊ होते यात शंका नाही. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याच्या टेकाडातून एकात एक बसवलेल्या करंड्या काढल्या, सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. काय कुठे होते ते लिहून छापले, आणि वस्तू एशियाटिक सोसायटीत आहेत. आज कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही सगळी लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, परवान्याशिवाय तिथे खणणे हा गुन्हा आहे, आणि कान्हेरीपुरते बोलायचे तर राष्ट्रीय उद्यानात बिबट्याही आहे. यंत्र बिबट्यावर वाजत नाही.

उरते सोसायटीचे आवार. इथे अवजारापेक्षा सेक्रेटरी टिकाऊ असतो. खणण्याआधी लेखी अर्ज द्यावा, विषय ‘बागकामास हातभार’ असा लिहावा. सापडेल काय? अलीकडच्या रुपयाची नाणी, जी स्टेनलेस स्टीलची असल्याने दोरीला बांधलेल्या लोहचुंबकालाही लागतात. आणि चार आणे, जे ३० जून २०११ नंतर चलनातूनच गेले. ज्यांना खरोखर सोने हवे त्यांनी झवेरी बाजारातल्या झारेकऱ्यांकडे पाहावे. कुंचा, घमेले आणि पाणी घेऊन ते सोनारांच्या दारातली धूळ धुतात. खणत कोणीच नाही.

तरीही काही सापडलेच, तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो, आणि तो वाचल्याशिवाय खुरप्याला हात लावू नये. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली की शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय मिळाले, अंदाजे किंमत, जागा, तारीख. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. लपवल्यास वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १८७८ साली १० रुपये ही रक्कम होती. आज कटिंग चहाला तेवढे लागतात, पण आकडा तोच आहे. म्हणजे दहाचे एक नाणे मिळाले तर खिशात टाकावे, त्याखाली रुपया निघाला की वांद्रे पूर्वेला जावे. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० पासून वेगळा असल्याने फोर्टपर्यंत जायची गरज नाही, एवढी सवलत आहे.

मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, आणि दावेदारांना हजर राहायला चार ते सहा महिन्यांमधली तारीख देतात. कुणाचाच जुना हक्क सिद्ध न झाल्यास आणि आपसांत समझोता नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. इथे सेक्रेटरीचे कान टवकारतात. कारण कन्व्हेयन्स झालेला नसतो, जागा कागदोपत्री अजून बिल्डरच्या नावावर असते, आणि बिल्डर इमारतीला ताबा मिळाल्यापासून कुणाला दिसलेला नसतो. नोटिसा झाल्या, वकील झाले, त्याच्या जुन्या ऑफिसच्या जागी मोबाइलचे दुकान झाले. आता सरकारी नोटिशीत ‘निधी’ असा शब्द छापून आला, की सोळा वर्षे न सापडलेला तो गृहस्थ ठरल्या तारखेला इस्त्रीचे कपडे घालून, मूळ कागदपत्रांसह, वांद्र्याला आपण होऊन हजर होणार.

हे एकदा सेक्रेटरीला समजावून सांगावे. बागकामाची परवानगी त्याच संध्याकाळी मिळते, खुरप्याचा खर्च सिंकिंग फंडातून होतो, आणि अकरा रुपये कुठल्या झाडाखाली पुरायचे याची जागाही समिती स्वतः सुचवते.