पाणी घालू नये

झाड दिसलं की आधी त्याचं गाव विचारायचं, ही आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या देशीकाकांची खोड. गेटवरचा गुलमोहर? ‘मादागास्कर!’ कुंपणावरची बोगनवेल? ‘ब्राझील!’ काका स्वतः निफाडचे. सिडकोच्या सोडतीत घर लागलं म्हणून इथे आले. पण हा मुद्दा त्यांच्यापुढे काढायचा नसतो.

निफाडच्या माणसाने गच्चीवर द्राक्षं लावली तर नवल नाही. काकांनी लावलं ते रानद्राक्ष. ‘नाशिकच्या बागांत वर थॉमसन आणि खाली डॉगरिजचा खुंट. म्हणजे पाय अमेरिकेतले! हा बघा, नखशिखान्त सह्याद्रीचा.’

पावसाळ्यात त्या वेलाने निळ्या ड्रममधून बाहेर पडून थैमान घातलं. पंज्याहून मोठी पानं, आणि डिशच्या तारेपासून वाळत घातलेल्या चादरींपर्यंत सगळ्यांना मिठी. दिवाळी सरली तसा तो पिवळा पडला, पुढे ड्रममध्ये नुसती माती उरली. आम्ही सांत्वनाला गेलो. काका हसले. ‘मेला नाही, झोपलाय. खाली कंद आहे.’

ते खरंच होतं. हा वेल आपला उन्हाळा जमिनीखाली काढतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. मध्येच पाणी घातलं तर कंद कुजायची भीती. म्हणून ड्रमवर पाटी लागली: ‘पाणी घालू नये. वेल झोपला आहे.’ गच्चीवरचं क्रिकेट बंद झालं. एप्रिलात शेजारच्या काकूंना दया आली, त्यांनी हळूच तांब्याभर पाणी ओतलं. पुढच्या सभेत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मे महिनाभर काका रोज संध्याकाळी मातीच्या ड्रमशेजारी खुर्ची टाकून बसत आणि पाणी न घालण्याचं काम मन लावून करत.

तिसऱ्या पावसाळ्यात काळे घोस आले. घरटी चार द्राक्षं वाटीतून पोचली. गर नावापुरता, बाकी बी. आंबट तर इतकी की डोळे मिटले, आणि नंतर घसा खवखवला. सोसायटीने एकमुखाने ‘वा!’ म्हटलं.

फक्त मासळीवाल्या आगरी मावशी काही बोलल्या नाहीत. नेरूळात इमारती उठायच्या आधीपासून त्यांचं घर इथलं. काकांनी मोठ्या आशेने त्यांच्या हातावर घोस ठेवला. लहानपणी डोंगरावर खूप खाल्ली, म्हणाल्या, तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं. आता बाजारातली घेते, गोड असतात.

त्या सकाळी जिन्यात उभ्या असलेल्यांत अस्सल इथल्या त्या एकट्याच. त्यांचं मत थॉमसनला पडलं.