पहिली गाडी, थेट हिमालयन

नवशिक्याने आधी हलकी गाडी घ्यावी, हा सल्ला घाटावरच्यांसाठी. अलिबागच्या पोराने थेट हिमालयनच घ्यावी. 452 सीसी, 196 किलो. लडाखला जाणे होवो न होवो, वडखळ कुणाला चुकले आहे? पाय जमिनीला पोचत नाहीत, ही कुरकूर फिजूल. टेकवायला आधी रस्ता तर हवा! मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 पासून खास अशा साहसवीरांसाठीच राखून ठेवलेले दिसते. आता पेणच्या आरटीओने परवान्यासोबत ऑक्सिजनचे नळकांडेही सक्तीचे करावे, निदान धुळीपुरते.

साळावच्या पुलावर अशाच एका गिर्यारोहकाला परवा जुनाट स्प्लेंडर मागे टाकून गेली. बर्फ तिच्याकडे होता, पापलेटांच्या पेटीत.