पट एक, हजर एक

नगरला सावेडी, तारकपूर, भिंगार अशा कुठल्याही वस्तीत सकाळी ठीक साडेसातला पितळी घंटेचे टोल ऐकू आले आणि आसपास शाळा दिसली नाही, तर खुशाल समजावे की मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेला एक हेडमास्तर तिथे राहतो आणि त्याने नात घरी शिकवायला घेतली आहे. ही जमात दुर्मिळ झाली आहे, नामशेष नाही. राहुरीत सापडेल, श्रीरामपुरात सापडेल, वडाळ्यालाही एखादा असावा. मला जवळून पाहायला मिळाला तो तारकपूरचा.

कडक इस्त्रीची पांढरी पँट. खिशाला दोन पेने, एक निळे, एक लाल. निवृत्तीनंतर निळे वाळून गेले. लाल अजून जोरात चालते. किराण्याच्या यादीतली ‘तुरडाळ’ दीर्घ झाल्याशिवाय दुकानात जात नाही. लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन, मग तारीख. चेनच्या रेक्झिन कव्हरातले बायबल, कडा झिजलेले ‘उपासना संगीत’ आणि ‘ज्ञानोदय’चे जुने गठ्ठे एवढी जंगम मालमत्ता. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरात सुरू झाला, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. चहा उशिरा आला तर मिशनच्या सिंथिया फरारबाईंपर्यंत जातात.

नातीला शाळेतून काढण्याचे निमित्त झाले प्रगतिपुस्तक. त्यात गणित होते, इंग्रजी होते, चित्रकलाही होती. श्रद्धेला रकाना नव्हता. शीलाला होता, पण त्याचे नाव ‘वर्तणूक’ आणि शेरा ‘समाधानकारक’. सरांनी शेजारच्या दोन पोरांची पुस्तके मागवून पाहिली. त्यांनाही ‘समाधानकारक’. त्यातल्या एकाने आदल्याच आठवड्यात सरांच्या स्कूटरची हवा सोडली होती.

‘‘अख्खा वर्ग समाधानकारक वागतो, हे विधानच असत्य आहे,’’ सर म्हणाले. ‘‘जी शाळा प्रगतिपुस्तकात खोटं लिहिते, ती शील काय शिकवणार?’’

मुलगा एमआयडीसीत, सून नर्स, दोघांच्या पाळ्या. विरोध करायला घरात एका वेळी दोघे सापडत नसत. शाळा सुरू झाली.

घरी शिकवायचे म्हणजे आधी शाळेपासून सुटका, असे ज्यांना वाटते त्यांनी सरांचा हॉल पाहावा. भिंतीवर वेळापत्रक. घंटा आहे, फळा आहे, हजेरीपट आहे: पट एक, हजर एक. परिपाठाला प्रार्थना, गीत आणि सोनेरी वचनाचे पाठांतर. शनिवारी अर्धी सुट्टी. रोजचे टाचण सर स्वतःच लिहितात आणि खाली हेडमास्तर म्हणून स्वतःच सही करतात. एकदा टाचण अपुरे म्हणून स्वतःला लेखी समज दिली. आजी शिपाई आहेत, शालेय पोषण आहारही त्यांच्याकडेच. पालकसभेला सून नाइट ड्युटीवरून थेट आली आणि परिपाठातच झोपली, तर कार्यवृत्तात ‘पालकांची उदासीनता’ अशी नोंद झाली.

वार्षिक निकालात नातीचा दुसरा नंबर आला.

मी चक्रावलो. ‘‘सर, मग पहिला कोणाचा?’’

‘‘रिकामा ठेवलाय. पहिला दिला की पोरीला गर्व होतो.’’

शीलाची वही वेगळी. सत्य, नम्रता, वक्तशीरपणा, स्वच्छता, दया. प्रत्येकी दहा गुण. एका आठवड्यात पोरीला नम्रतेत दहापैकी दहा मिळाले आणि तिने ते आनंदाने गल्लीभर सांगितले. संध्याकाळी लाल पेनाने चार उतरवले. पुढच्या वेळी तिने दहा मिळाल्याचे कोणाला सांगितले नाही, तेव्हा लपवाछपवीबद्दल सत्यातले दोन गेले. ज्यांना शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा एवढा तिटकारा, त्यांनी दयेला साडेसात गुण द्यावेत, हे मला नवल वाटायचे. पण चाळीस वर्षे ज्या माणसाने मार्क दिले, त्याच्या हातून देव सुटेल, रकाने सुटायचे नाहीत.

या थाटाला इतिहासाचा आधार लागतो, तो सरांच्या जिभेवर आहे. ‘‘घरची शाळा अमेरिकेतून आली म्हणतात. आपल्याकडे होती! रेव्हरंड टिळकांनी लक्ष्मीबाईंना घरीच शिकवलं. त्या कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आणि टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं कोणी केलं? ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहिली? सावित्रीबाईंचं घ्या. जोतिरावांनी पहिली अक्षरं घरीच गिरवून घेतली!’’

आत पोळ्या लाटणाऱ्या आजींचा आवाज आला, ‘‘आणि मग पुढचं शिकायला त्या इथं नगरला फरारबाईंच्या शाळेतच आल्या ना?’’

सरांनी घंटा दिली. मधली सुट्टी.

अमेरिकेचा उल्लेख उगाच नव्हता. ह्यूस्टनला त्यांच्या मेव्हण्याची मुलगी आहे, तिची तिन्ही पोरे घरी शिकतात. तिकडे हा मोठा पंथ आहे. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत त्याला कायद्याची वाट मिळाली, आणि पुष्कळ ख्रिस्ती घरांत गणिताच्या आधी श्रद्धा आणि शील असाच क्रम असतो. तिने पाठवलेल्या अभ्यासक्रमाच्या छापील प्रती सरांनी लाल पेनाने तपासून ठेवल्या आहेत. मला मात्र यात काळाची गंमत दिसते. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८३१ साली नगरात आली आणि घराघरांत फिरून, आयाबापांच्या विनवण्या करून त्यांनी पोरे शाळेत आणली. सिंथिया फरार तर मुलींसाठी इथे राहिल्या आणि १८६२ साली नगरातच वारल्या. आता त्यांच्याच देशातले भाविक पोरे शाळेतून घरी नेतात, आणि मिशनच्या शाळेत जन्म घालवलेला आमचा हेडमास्तर त्यांच्या मागून चालला आहे. हे मी सरांना बोलून दाखवले. ‘‘विषयांतर,’’ ते म्हणाले.

सुनेची काळजी साधी होती: दहावीचे काय? २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेचा हक्क देतो. घरच्या शाळेबद्दल त्यात एक ओळ नाही. ओळ नाही, ही सरांना परवानगी वाटते आणि सुनेला नोटीस. शेवटी तिनेच दोन पाळ्यांच्या मधे फोनवर शोधून काढले की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून चौदा पुरी झालेल्या मुलाला बाहेरून दहावी देता येते. माहितीपत्रकाची प्रत काढून तिने फ्रिजवर चुंबकाने लावली. सरांनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका काढल्या. पत्रक मात्र तिथेच राहू दिले.

शिकवण्यात सर कच्चे नव्हते, हे सांगायलाच हवे. गणित ते बायबलमधूनच काढायचे. नोहाचे तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, मजले तीन. एका मजल्याचे क्षेत्रफळ काढा. पोरगी हॉलभर आपल्या हाताने मोजत सुटायची. पंधरा हजार चौरस हात हे उत्तर तिला तोंडी आले, आणि आपला हॉल त्या तारवात किती वेळा मावेल हेही. मग आल्या वंशावळ्या. मथुशलह १८७ वर्षांचा असताना लामेख झाला. लामेख १८२चा असताना नोहा. नोहा ६००चा असताना जलप्रलय आला. तर जलप्रलयाच्या वर्षी मथुशलहाचे वय काय?

पाटीवर खडखड झाली. ‘‘९६९.’’

‘‘शाब्बास! आणि मथुशलह एकूण किती वर्षं जगला?’’

‘‘९६९.’’

पोरीने पाटी खाली ठेवली. ‘‘आबा, म्हणजे तो पुरातच गेला?’’

‘‘त्याच वर्षी वारला असं दिसतं. पुराच्या आधी असेल.’’

‘‘तो नोहाचा कोण?’’

‘‘आजोबा.’’

‘‘मग तारवात एवढे हत्ती, उंट, डुकरं घेतली आणि आजोबांना नाही घेतलं?’’

एरवी शंकेला ‘ते वरच्या इयत्तेत आहे’ असे उत्तर ठरलेले. त्या दिवशी सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. पाळकसाहेबांनी पुढच्या आठवड्यात सांगतो म्हटले. ते आठवडे अजून चालू आहेत. नातीने आपल्यापुरता निर्णय घेतला: ‘‘मी तुम्हाला घेईन. पण घंटा नाही घ्यायची.’’ शीलवहीत त्या दिवशी दयेला दहापैकी दहा आहेत, आणि खोडलेले नाहीत.

शाळा मोडली ती क्षमेच्या धड्याला. धडा पाठ झाला, वचन पाठ झाले, किती वेळा क्षमा करायची त्याचा सत्तर गुणिले सात हा हिशेबही झाला: ४९०. मग पोरगी म्हणाली, ‘‘आबा, पण मला कोणी मारतच नाही. क्षमा करू कोणाला?’’

सरांनी इकडेतिकडे पाहिले. आजी पन्नास वर्षांत त्यांना इतक्या वेळा क्षमा करून बसल्या होत्या की त्यांच्याकडे नवे काही उरले नव्हते. त्या दिवशीची लॉगबुकातली नोंद मी डोळ्यांनी वाचली आहे: ‘शील विषयाच्या प्रात्यक्षिकास साहित्याचा अभाव.’

साहित्य शेजारीच होते. स्कूटरची हवा सोडणारा ‘समाधानकारक’, त्याचा धाकटा भाऊ आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याची मुलगी, रोज शाळा सुटल्यावर पाच ते सात. पहिल्या दिवशी खडू चोरीला गेले. दुसऱ्या दिवशी वेणी ओढली गेली. तिसऱ्या दिवशी घंटाच गायब झाली आणि आजींच्या पिठाच्या डब्यात सापडली. ती तिथे कोणी ठेवली याचा तपास सरांनी का कोण जाणे फार लांबवला नाही. हजेरीपटावर पट चार झाला. सरांचा आवाज निवृत्तीपूर्वीच्या पट्टीत गेला, आणि सून म्हणते त्यांचे ब्लडप्रेशर उतरले.

परवा तिथे गेलो तर नात फणफणत बाहेर आली. तिची पट्टी ‘समाधानकारक’ने मोडली होती. सर ओट्यावरूनच म्हणाले, ‘‘मग? काय शिकलो आपण?’’

‘‘केली क्षमा,’’ ती म्हणाली, आणि फ्रॉकच्या खिशातून वही काढून एक रेघ मारली. ‘‘याच्या सदतीस झाल्या. चारशे त्रेपन्न उरल्या, मग बघते त्याला.’’

सरांनी लाल पेन काढले, आकडा पडताळला आणि म्हणाले, ‘‘वजाबाकी बरोबर आहे.’’