फुल्ली कंपनी मेंटेन्ड

भारतात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. जाहिरातीत तसं छापलेलंच असतं: ‘डॉक्टर ओन्ड, सिंगल हँड, फुल्ली कंपनी मेंटेन्ड’. या हिशेबाने देशात डॉक्टरांचा तुटवडा आहे ही निव्वळ अफवा ठरते. डॉक्टर भरपूर आहेत, फक्त ते सगळे गाड्या विकण्यात गुंतले आहेत. हे डॉक्टर गाडी घेतात, तिच्यावर कव्हर घालतात, रविवारी देवळापर्यंत नेऊन आणतात आणि काही वर्षांनी ‘अर्जंट सेल’ करतात. गाडी स्पोर्ट्स कार असेल तर रविवारचं देऊळही नाही. ती नुसती उभी असते. ‘चली ही नहीं है जी’ हे विकणारा असं सांगतो, जसं काही न चालणं हा गाडीचा गुणच आहे.

मराठी घरात पन्नाशीनंतर स्पोर्ट्स कारचं नाव काढणं म्हणजे घरच्यांच्या हाती आयतं कोलीत देणं. ‘दोनच सीट? मग भाजी कुठे ठेवायची?’ इथपासून ‘गुडघे वाकतात का आधी बघा’ इथपर्यंत सगळं ऐकून झालं. यावर माझ्याकडे एकच उतारा होता: सचिन. कसोटीत ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरने त्याच्या हाती फेरारी 360 मोडेनाची किल्ली दिली. पुढे 2003 मध्ये आयात शुल्काच्या माफीवरून गहजब झाला आणि शेवटी फियाटने शुल्क भरलं. एवढं रामायण होऊनही माणसाने हौस सोडली नाही, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं.

“2011 मध्ये सुरतच्या एका उद्योजकाला विकून टाकली ना पण?” ती म्हणाली. आमच्या घरात क्रिकेट मी बघतो आणि लक्षात ती ठेवते.

विकली हे खरं. पण त्या सुरतेच्या गृहस्थाचा मला हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. आधीचा मालक कोण, गाडी कशी वापरली, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. बाकीच्यांना विचारावं लागतं. आणि उत्तर देणारा नेमका तोच असतो, ज्याला गाडी विकायची असते.

माझी गाडी निघाली जयपूरला, राजा पार्कात. मूळची दिल्लीची, 2014 ची, लाल, दोन दारांची. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडी बिचारी बोलू शकत नाही, पण कंपनीचे वकील बोलू शकतात. दिल्लीची गाडी जयपुरात येण्यामागे अर्थशास्त्र आहे. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल राजधानीच्या रस्त्यावर नको, असं हरित लवादाने 2015 मध्ये ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते उचलून धरलं. तेव्हापासून दिल्लीच्या गाड्या वय झालं, किंवा होऊ लागलं, की शेजारच्या राज्यांत नशीब काढायला निघतात. भाव उतरतो आणि पुण्यात बसलेल्या माणसाच्या मनात पाप येतं. अठराव्या शतकात मराठे जयपुरावर चालून जात ते थकलेली खंडणी वसूल करायला. मी निघालो होतो तो पदरचे पैसे मोजायला. पेशवाई बुडाली ती उगाच नाही.

जयपुरात माझे मामा असतात. राजा पार्कला लागूनच टिळक नगरात घर. सारी हयात महालेखाकारांच्या कचेरीत ऑडिटमध्ये गेली. निवृत्त झाले ते फक्त पगारातून; आक्षेप काढणं चालूच आहे. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाच्या वाट्या आणि आलेली माणसं यांचा मेळ ते मनातल्या मनात घालतात. मी गाडीचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कागद आहेत?”

“सर्व्हिस बुक पूर्ण आहे म्हणतात.”

“पूर्ण?” मामांचा चेहरा उजळला. “मग काहीतरी सापडेल.”

राजा पार्क ही फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी उभी केलेली वस्ती. त्यामुळे इथे सौदा आधी पोटातून जातो. आम्ही दुकानात टेकतो न टेकतो तोच लस्सीचे उभे ग्लास आले, मग कचोरी, मग ‘छोले-कुलचे तो खाके ही जाओगे’. दुकानमालकाला सगळे भाईसाहब म्हणत होते. माणूस इतका लाघवी, की दहा मिनिटांत त्याने मला ‘सर’वरून ‘बडे भाई’ आणि मामांना ‘अंकलजी’ करून टाकलं. एवढं खाऊ घालणाऱ्याला टायमिंग बेल्टबद्दल विचारायचं म्हणजे जिवावर येतं. मामांच्या जिवावर काही येत नाही. त्यांनी लस्सी संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले, “बुक दिखाइए.”

सर्व्हिस बुक चकचकीत होतं. दर वर्षी एक शिक्का, शेजारी तारीख, किलोमीटर, सही. मी खूश झालो. मामांनी ते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं, मग तिरपं केलं, मग पानं उजेडाकडे केली. सगळे शिक्के एकाच निळ्या शाईचे, आणि डावीकडे कललेले तेही एकाच अंशात. तारखा एकाच पेनाने लिहिलेल्या.

“एवढी वर्षं एकच पेन?” मामा मला मराठीत म्हणाले. “अरे, आमच्या कचेरीत पेन सात दिवस टिकत नसे.”

मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 12 एप्रिल 2020. अख्खा देश दाराला कडी घालून बसला होता, दूधवाल्याच्या पिशवीवरही लोक सॅनिटायझर फवारत होते, तेव्हा या गाडीचं ऑइल बदललं जात होतं.

“होम सर्व्हिस हुई होगी, अंकलजी,” भाईसाहब अजिबात न डगमगता म्हणाले.

“लिखकर दीजिए,” मामा म्हणाले.

ऑडिटच्या नोकरीत मामा एक गोष्ट शिकले, ती त्यांनी मला तिथेच सांगितली. खोटा कागद स्वच्छ असतो. खऱ्या कागदावर कुणाच्या तरी अंगठ्याचं तेल लागलेलं असतं, रक्कम खोडून चाळीस रुपये कमी केलेले असतात, मागे कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला असतो. ज्या व्हाउचरावर चहाचा डागसुद्धा नाही, ते आधी बाजूला काढायचं.

साध्या गाडीत हे सगळं अति झालं असतं. पण स्पोर्ट्स कारचं दुखणं न्यारं. तिच्या बाबतीत ‘चालली नाही’ हे आश्वासन नसून लक्षण आहे. सचिनकडे होती त्या 360 मोडेनाच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतात, रबराचे. ते दर तीन वर्षांच्या आसपास बदलायचे, मग गाडी जगप्रदक्षिणा करून आलेली असो की गॅरेजात झोपलेली; रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आदळतात, आणि मग दुरुस्तीच्या बिलात एक चांगली नवी गाडी येते. कित्येक वेगवान गाड्यांत दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्यातला ओल्या क्लचचा प्रकार असेल तर तेल ठरलेल्या अंतराला बदलावंच लागतं. स्कोडा-फोक्सवॅगनच्या सहा गिअरवाल्या डीएसजीत दर साठ हजार किलोमीटरला. ते टाळलं तर लगेच काही होत नाही. होतं ते पुढच्या मालकाला. पोर्शाचा संगणक तर चित्रगुप्तच: इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं, याची तो खानेसुमारी ठेवतो. घेणारे आधी ती काढून बघतात, मग रंग.

कागद झाले, तसे मामा गाडीकडे वळले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण गुडघ्यावर बसून त्यांनी टायरची भिंत रुमालाने पुसली. तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. 4021. म्हणजे 2021 चा चाळिसावा आठवडा.

“टायर?” मामांनी विचारलं.

“ओरिजिनल, अंकलजी. कंपनी से जो आए थे वही.”

गाडी 2014 ची, आणि तिचे जन्मजात टायर 2021 चे. मामांनी वहीत नोंद केली. मीटरवर 28 हजार किलोमीटर होते, आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर कडेला झिजून आतलं लोखंड चमकत होतं. एवढं झिजवायचं तर डॉक्टरांनी 28 हजार किलोमीटर ब्रेकवरच काढलेले असणार. मग सीटबेल्ट. तो आम्ही एरवी छातीपुरता ओढतो. मामांनी शेवटपर्यंत ओढला. आत, जिथे कुणाचा हात जात नाही तिथे, पट्ट्यावर मातकट पिवळी रेघ होती. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून कितीही पॉलिश करा, ही रेघ राहते.

“रेगिस्तान है जी,” भाईसाहब म्हणाले. “यहाँ तो चाय में भी रेत आ जाती है.”

बॉनेटवर शेंदराचा एक स्वस्तिक होता, अर्धवट पुसलेला. नवी गाडी घेतली की आधी मोती डुंगरीच्या गणपतीला दाखवायची, ही जयपूरची रीत. भाईसाहबांनी हात जोडून सांगितलं, की गाडी दुकानात आली ती गणेशजींचं दर्शन घेऊनच.

“या गाडीवरचा हा एकच शिक्का खरा वाटतो,” मामा म्हणाले.

मीटर मागे फिरवता येतं, आताचं डिजिटलही. पण अधिकृत वर्कशॉपच्या संगणकात चासी नंबरापुढे प्रत्येक भेटीचं रीडिंग पडून असतं, ते पुसायला कुणी जात नाही. मामांनी मालकाकरवी ती नोंद मागवायला सांगितली. भाईसाहबांनी फोन लावला, थोडं लांब जाऊन बोलले आणि परत येऊन म्हणाले, “सर्वर डाउन है.” सर्वर कुठला हे त्यांनी सांगितलं नाही. मग विम्याची पॉलिसी निघाली. एकच मालक, आणि कधी ओरखडा नाही म्हणता, तर पाच वर्षं दावा न केल्याची पन्नास टक्के सवलत हवी. पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य. म्हणजे नुकताच काहीतरी दावा झालाय, नाहीतर विम्यात खंड पडलाय. दोन्हींपैकी काय, हे डॉक्टरांनाच माहीत.

एव्हाना मामांना चढली होती. दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म 28, कुठे आहे? कर्ज फिटल्याचा फॉर्म 35? चासीवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर आकडा-आकडा जुळतो का? हे शेवटचं खूळ नव्हे. 2020 च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारवरून गुन्हा नोंदवला, तेव्हा आरोप हाच होता, की एकाच इंजिन-चासी नंबरावर एकाहून जास्त राज्यांत नोंदणी झाली. आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, शिवाय ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती चालवली याचं रजिस्टर ठेवावं लागतं. मामांनी ते रजिस्टर मागितलं. भाईसाहबांनी आणखी एक लस्सी मागवली.

शेवटी बिलाची गोष्ट निघाली. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेची बैठक याच राजस्थानात, जैसलमेरला भरली होती. पॉपकॉर्नवर खारट किती आणि कॅरॅमल किती कर, याचा खल झाला तीच ती बैठक. तिथेच ठरलं, की व्यापाऱ्याने विकलेल्या कुठल्याही जुन्या गाडीवर अठरा टक्के, पण फक्त त्याच्या नफ्यावर. मामांनी सरळ विचारलं, “आपका मार्जिन कितना?”

भाईसाहबांचा चेहरा पडला. “मार्जिन कहाँ, अंकलजी! घाटे में दे रहा हूँ.”

“फिर तो टैक्स शून्य. लिखकर दीजिए.”

सौदा तिथेच बारगळला, पण भाईसाहबांनी मनात काही ठेवलं नाही. ते आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. मामांची गाडी म्हणजे 1998 ची मारुती झेन, फिकट झालेली, पंधरा वर्षांनंतर रीतसर नोंदणी वाढवून घेतलेली. मामांनी सवयीप्रमाणे डिकीतून जाडजूड फाइल काढली आणि मीटर बघून आजची फेरी लिहिली. भाईसाहबांनी ती सहज हातात घेतली आणि चाळता चाळता गप्प झाले. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं होती. क्लच प्लेटच्या बिलावर काळ्या ग्रीसचा अख्खा अंगठा उमटलेला, एका बिलावर मजुरी दोनदा खोडून कमी केलेली, दुसऱ्याच्या पाठीवर मेकॅनिकने काढलेलं सायलेन्सरचं चित्र आणि खाली मामांच्या अक्षरात ‘आक्षेप निकाली’. दिवसभरात प्रथमच त्या माणसाच्या डोळ्यांत खरी आस्था दिसली.

“अंकलजी, ये कितने में दोगे?”

“गाड़ी नहीं बेचनी,” मामा म्हणाले.

“गाड़ी कौन माँग रहा है?” भाईसाहबांनी आवाज उतरवला. “फाइल. मेरे पास भी एक ज़ेन खड़ी है, इसी साल की. बस इतिहास नहीं है.”

मामांनी शांतपणे फाइल परत घेतली, तिच्यातलं एक कोरं पान काढून बॉनेटवर ठेवलं, पेनचं टोपण उघडलं आणि पेन भाईसाहबांपुढे धरलं.

“लिखकर दीजिए.”