ई-सहा

रविवारी सकाळी अंगणातलं गवत कापलं म्हणून माझ्या नावावर ई-सहा लागली. कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावरही आमचा डबा दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला राहिला, ई-सहा. बर्फ उपसताना दोन घरांच्या हद्दीवरचा हातभर फूटपाथ तसाच सोडला, ई-सहा. पुढच्या वेळी तो हातभरही साफ केला, तर ‘शेजाऱ्याचं पुण्य न विचारता घेतलं’ म्हणून प्रकरण विचाराधीन.

मास्तर तुम्हाला माहीत आहेत. लग्नपत्रिका हातात पडली की आधी वेलांट्या तपासणारे, आजाऱ्याला भेटायला जाऊन केसपेपरातलं शुद्धलेखन सुधारणारे, तेच ते. आमचे मास्तर एवढंच की मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला राहतात, वंशाने डच आहेत, ख्रिस्ती शाळेत सातवीला गणित आणि बायबल शिकवतात, आणि त्यांच्या खिशाला लाल पेनाऐवजी कानावर पिवळी पेन्सिल असते. बाकी वाण तोच.

आता ई-सहा. बेसबॉलमध्ये मैदानातल्या नऊ जणांना नऊ आकडे असतात. पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन, असं करत करत उजव्या कोपऱ्यातला नऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप हा सहा. त्याच्या हातून सोपा चेंडू निसटला की स्कोअरबुकात ‘ई’ पडतो आणि पुढे सहा. एरर, शॉर्टस्टॉपची. क्रिकेटमध्ये झेल सुटला की आपण हळहळतो, शेजारी शिवी देतो आणि धावफलक मात्र काही झालंच नाही असा चेहरा करून उभा असतो. बेसबॉलच्या फलकावर धावा, हिट आणि एरर अशी तिन्ही खाती चव्हाट्यावर मांडलेली. ‘आपली पापं दिव्यांच्या अक्षरांत लावून वर तिकीट घेणारा दुसरा खेळ दाखवा,’ असं मास्तर म्हणतात, आणि दाखवेपर्यंत जाऊ देत नाहीत.

गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी आकडा दिलेला आहे. पास्टर एक. आमचं घर कोपऱ्यावर, सगळे चेंडू आमच्याच दिशेने येतात म्हणून मी सहा. माझी बायको तीन, कारण कुणीही काहीही फेकलं तरी शेवटी झेलते तीच. टपालवाला आठ. त्यांची स्वतःची पत्नी दोन. ‘सगळं मैदान समोरून दिसतं ते एकट्या कॅचरलाच,’ हे मास्तरांनी फार प्रेमाने सांगितलं. ‘आणि गुडघेही त्याचेच जातात,’ बाई आतून म्हणाल्या.

एकदा ते आम्हाला त्यांच्या चर्चला घेऊन गेले. इथल्या जुन्या डच मंडळींत प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात. प्रवचनात मुद्दे तीन, म्हणून गोळ्याही तीन, असा मास्तरांच्या घरचा हिशेब. त्या दिवशी तिसरी गोळी विरघळून गेली तरी पास्टर दुसऱ्याच मुद्द्यावर होते. शब्बाथाच्या दिवशी चर्चमध्ये पेन्सिल काढायची नाही एवढं पथ्य मास्तर पाळतात; पण घरी पोहोचल्याबरोबर वही उघडली आणि लिहिलं, ई-एक. मी म्हटलं, अहो, देवाच्या माणसाला तरी सोडा. त्यावर त्यांनी २००६ची वर्ल्ड सिरीज काढली. डेट्रॉइट टायगर्स सेंट लुइसकडून पाच सामन्यांत हरले आणि पाचही सामन्यांत टायगर्सच्या कुठल्या ना कुठल्या पिचरने फेकाफेकीत घोळ घातला. पाच सामने, पाच वेळा ई-एक. ‘ज्याच्या हातात चेंडू जास्त वेळ, त्याच्याकडून चुका जास्त,’ मास्तर म्हणाले. ‘पास्टरांना सांगू नका.’ पास्टरांना ते स्वतःच सांगून आले होते.

टायगर्स हा त्यांचा दुसरा धर्म म्हटलं तर त्यांना आवडणार नाही, म्हणून पहिल्याचाच जोडधंदा म्हणू. २००३ साली टायगर्स १६२पैकी ११९ सामने हरले. त्याला मास्तर ‘ईयोबाचा मोसम’ म्हणतात. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर गळवं आली, तरी त्याने देवाला शिव्या दिल्या नाहीत. मास्तरांनीही रेडिओ बंद केला नाही. बाई सांगतात की सप्टेंबरात त्यांनी स्वतःच्या हातांनी रेडिओची बॅटरी काढून ठेवली होती. मास्तरांनी गाडीत बसून ऐकलं.

रेडिओवरून आठवलं. अर्नी हारवेल. चाळीसहून अधिक वर्षं टायगर्सचं वर्णन करणारा हा गृहस्थ श्रद्धाळू ख्रिस्ती होता. वसंतात पहिल्या प्रक्षेपणाला बायबलमधल्या गीतरत्नातला, हिवाळा सरल्याचा उतारा म्हणायचा. २०१०च्या मे महिन्यात तो गेला तेव्हा त्याची शवपेटी टायगर्सच्या स्टेडियममध्ये ठेवली होती आणि हजारो माणसं रांग लावून दर्शन घेऊन गेली. आपल्याकडे नेत्यांच्या वाट्यालाही इतकी शिस्त येत नाही. तर या हारवेलची एक खोड होती. फाउल चेंडू प्रेक्षकांत गेला की तो बेधडक सांगायचा, अमुक गावच्या माणसाने झेलला. गाव मिशिगनमधलं, कधी इप्सिलँटी, कधी सॅगिनॉ. कोण कुठला, हे त्याला अर्थातच माहीत नसायचं, सगळं मनचं. लहानपणी मास्तर आपल्या गावाचं नाव कधी येतं याची वाट पाहत रेडिओला कान लावून बसायचे. मोठेपणी दहा आज्ञांतली नववी आज्ञा शिकवायला लागले आणि पंचाईत झाली. खोटी साक्ष देऊ नको, असं ती सांगते. मग हारवेलच्या नावावर काय मांडायचं, हिट की एरर? या प्रश्नावर त्यांनी माझा एक संपूर्ण शनिवार खाल्ला. कोळशावर कणसं भाजायला ठेवली होती, त्यांचा कोळसा झाला. मी शेवटी म्हटलं, हिट द्या आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, ‘हिट देणं सोपं असतं, शेजारी. म्हणून तर ते माणसाच्या हातात देत नाहीत, स्कोअररच्या हातात देतात.’ आणि करपलेल्या कणसांची ई-सहा मांडून निघून गेले.

गणपतीचं सांगायलाच हवं. मास्तर आले, मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, हात जोडले नाहीत. आरती संपायच्या आत दुसऱ्याने पुढची आरती उचलली, तिसऱ्याने टाळ उचलून तिसरीच सुरू केली. मास्तरांचे डोळे चमकले. ‘सहा-चार-तीन, डबल प्ले,’ ते पुटपुटले. म्हणजे चेंडू तीन हातांतून फिरतो आणि दोघं बाद. मग ताट आलं आणि ते अवघडले. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, यावर पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आख्खा अध्याय खर्ची घातला आहे, आणि मास्तरांना तो तोंडपाठ. चेहऱ्यावर पौल, समोर उकडीचा मोदक, वर तुपाची धार. बायको काही न बोलता आत गेली आणि झाकलेली दुसरी ताटली घेऊन आली. ‘हे नैवेद्याआधी बाजूला काढलेत,’ ती म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला थोडा मत्सर वाटला. सगळे मोदक संपवून त्यांनी वहीत ‘तीन’पुढे असिस्ट, म्हणजे बाद करण्यातला हातभार, लिहिला. इतकी वर्षं इथे काढली, मला अजून एकही असिस्ट मिळालेला नाही.

मग एकदा मी चिडलो. ड्राइव्हवेवरून आमची गाडी त्यांच्या ट्यूलिपच्या वाफ्यावर चढली, आणि ते विचारपूस करायच्या आधी पेन्सिल शोधू लागले. ते शाळेत गेल्यावर मी बाईंकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे वह्यांचा ढीग माझ्यापुढे टाकला. वर्षानुवर्षांच्या वह्या. मी माझा आकडा शोधायला लागलो आणि मला तो सापडेना. चौकोनांत नुसते राखाडी डाग. बाई म्हणाल्या, ‘नियमाप्रमाणे स्कोअररला निर्णय बदलायला सामन्यानंतर चोवीस तास मिळतात. हे रोज रात्री जेवण झालं की बसतात आणि पुसतात. खोडरबर मला आणावे लागतात.’ पास्टरांची ई-एक पुसलेली. टपालवाल्याची आठ पुसलेली. नऊ नंबरच्या चुका तेवढ्या ठसठशीत, शाईने. नऊ कोण, मी विचारलं. ‘लहान मुलांच्या टीममध्ये ज्याला खेळता येत नाही त्याला उजव्या कोपऱ्यात उभं करतात ना, तो,’ बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा रेनकोट खुंटीवर नीट लावला. ‘निम्म्या माझ्या हस्ताक्षरात आहेत. ते विसरतात.’

म्हणून आता मी ई-सहा ऐकून घेतो. कृपा फुकट मिळते, कमवावी लागत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान मला पटतं असं नाही. एररमुळे निघालेली धाव पिचरच्या ‘अर्न्ड’, म्हणजे कमावलेल्या, धावांत धरत नाहीत, तशी, असं ते समजावतात. रात्री पुसायचं तर दिवसा लिहायचं कशाला, हा माझा प्रश्न मात्र त्यांना अजिबात कळत नाही. ‘लिहिलंच नाही तर पुसणार काय?’

हल्ली ते जरा खचलेत. कारण पंच. गोष्ट तशी जुनी. २ जून २०१० रोजी टायगर्सच्या आर्मांडो गॅलरागाने क्लीव्हलँडचे लागोपाठ सव्वीस खेळाडू बाद केले. सत्ताविसावाही बाद झाला तर परफेक्ट गेम, जो तोवरच्या १३० वर्षांत वीसदाच झाला होता. चेंडू पहिल्या बेसकडे गेला, तिथून गॅलरागाच्या हातात आला, त्याने बेसवर पाय ठेवला, फलंदाज जेसन डोनाल्ड स्पष्ट बाद. पंच जिम जॉइसने हात पसरून नाबाद दिला. गॅलरागा हसला, फक्त हसला, आणि पुढच्या फलंदाजाला बाद केलं. नंतर पडद्यावर आपली चूक पाहून जॉइस रडला, त्याने गॅलरागाजवळ जाऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचाला द्यायला गॅलरागाच गेला, आणि डोळे पुसत उभ्या असलेल्या जॉइसने ती घेतली. कमिशनर बड सेलिगने निकाल बदलला नाही.

मास्तरांच्या वहीत पंचाच्या एररला रकानाच नाही. त्या रात्री त्यांनी समासात काही लिहिलं, ते दाखवत नाहीत. २०१४पासून असे निर्णय व्हिडिओ पाहून फिरवता येतात. २०२६च्या मोसमापासून तर बॉल की स्ट्राइक यावरही कॅमेऱ्यांकडे दाद मागता येते. ‘बरंच झालं की,’ मी म्हणालो. ‘बरंच झालं,’ मास्तर म्हणाले. ‘आता कुणाला माफ करायचा प्रश्नच नाही. सातवीतल्या पोरांना मी शिकवू काय, कॅमेरा?’

तरीही बायबलच्या शेवटच्या पेपरात त्यांचा एक प्रश्न दरवर्षी असतोच: जॉइस, गॅलरागा आणि कमिशनर, कोणी काय करायला हवं होतं? गुण दहा. यंदा आमची मुलगी त्यांच्या वर्गात होती. (हिंदू घरातली पोर ख्रिस्ती शाळेत कशी, असं इथल्या मराठी मंडळातले काही जण विचारतात. ते सगळे स्वतः कॉन्व्हेंटात शिकलेले आहेत.) तिने लिहिलं, या तिघांनाच का विचारता? चौथा माणूस, डोनाल्ड, पहिल्या बेसवर उभा होता, तो का नाही बोलला? पुढे, बापाचे संस्कार म्हणा, १९८० साली मुंबईच्या वानखेडेवर पंचाने बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला आपला कप्तान गुंडप्पा विश्वनाथने परत बोलावलं, हेही लिहिलं.

दहापैकी सात मिळाले. गॅलरागाच्या स्पेलिंगात एक आर कमी, आणि अन्य खेळातला पुरावा अग्राह्य. मी पेपर घेऊन भांडायला जाणार, एवढ्यात मास्तरच दारात. पेन्सिल कानावर नव्हती, हातात होती.

‘तो विश्वनाथ. सामना जिंकला का?’

‘छे. टेलरने परत येऊन बोथमबरोबर १७१ धावा जोडल्या. आम्ही दहा विकेटनी हरलो.’

‘आणि त्याच्या नावापुढे काय लिहिलं?’

‘काहीच नाही. तसा रकानाच नसतो.’

मास्तर पायरीवर बसले. पेपर मांडीवर घेतला, खोडरबर चाचपला, बराच वेळ त्या सातकडे बघत राहिले. मग खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, ‘पाच-पाच दिवस चालतो ना तुमचा सामना? मग तो स्कोअरर तिथे बसून करतो तरी काय?’