उत्तेजनार्थ

कथास्पर्धेचा निकाल लागला की पहिला, दुसरा, तिसरा असे तीन क्रमांक येतात आणि त्यांच्या खाली पाच उत्तेजनार्थ. त्या पाचांत आमचे मुनीमजी असतात. स्पर्धा कुठल्याही जिल्ह्यातली असो, परीक्षक कोणीही असो.

मुनीमजी सालेकसातल्या एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितात. दिवसा धानाचे कट्टे, कनकी, कोंडा, रात्री कथा. हल्ली बहुतेक अलक, म्हणजे अति लघु कथा. दिवाळी अंकांच्या स्पर्धा वर्षातून एकदाच येतात, अलकच्या स्पर्धा व्हॉट्सॲपवर रोज निघतात. सोमवारी चित्रावरून, बुधवारी विषयावरून, रविवारी खुली. नियम त्यांना तोंडपाठ आहेत: शब्दमर्यादा शंभर, कथा स्वरचित व अप्रकाशित, सोबत पासपोर्ट फोटो, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. शेवटच्या नियमावर त्यांचा राग आहे, पण तो ते पुढच्या स्पर्धेची फी भरूनच काढतात.

शंभर शब्दांत कथा बसवताना त्यांना बघावं. काट्याच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने कथा उतरवायची, मग चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत शब्द मोजायचे. एकशे सात भरले की कथेतल्या कोणाला तरी मरावं लागतं. आधी मोलकरीण जाते, मग शेजारी. तरीही दोन शब्द उरलेच तर मधली जागा मिटवून टाकायची. ‘डोळेभरूनआले’ हा त्यांच्या हिशेबाने एक शब्द. त्यांच्या मिलमध्ये एक कट्टा इकडचा तिकडे होत नाही, इथे मात्र ते सर्रास मापात मारतात.

विषय ठरलेले. मुंबईची लोकल, पुण्याचा वृद्धाश्रम, अमेरिकेतला मुलगा. वृद्धाश्रम त्यांनी बाहेरूनही पाहिलेला नाही. त्यांची आई नव्वदीला टेकली आहे, घरातच आहे आणि सगळ्यांवर हुकूम चालवते. पण ‘परीक्षकाला रडवल्याशिवाय नंबर नाही जी’ असा त्यांचा अनुभव असल्यामुळे त्या माउलीला त्यांनी कितीतरी कथांत वृद्धाश्रमात पोचवलं. नातवाने एकदा तिला एक कथा वाचून दाखवली. तेव्हापासून ती जेवणाच्या पंगतीत सर्वांदेखत विचारते, “मले कवा नेऊन टाकसीन रे?”

एकदाच त्यांनी घरची कथा लिहिली होती, घरच्या बोलीत. रोवणीच्या चिखलात उभी असलेली बाई, बांधावर झोपवलेलं पोर. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून शेवटी ‘तिचे डोरे भरून आले’ असं वाक्य पडलं. परीक्षकांचा शेरा आला: ‘डोरे टाकतात, भरून येत नाहीत. आईच्या तोंडी शृंगार टाळावा. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. उत्तेजनार्थ.’ भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या या बोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचलं, तिची स्वतंत्र साहित्य संमेलनं भरतात. मुनीमजी त्यांनाही जातात, पण तिथे शुद्ध पुणेरी कथा वाचतात. “तिथं झाडीबोली सगळेच वाचून राहिले, आपलं काही वेगळं दिसलं पाहिजे ना!”

संमेलन हा त्यांचा दुसरा नाद. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकार सभेचं, म्हणजे तेव्हाच्या साहित्य संमेलनाचं, निमंत्रण खरमरीत पत्र लिहून नाकारलं होतं. मुनीमजींनी आजवर एकही निमंत्रण नाकारलेलं नाही; न आलेलंही नाही. आपल्याकडच्या भूगोलाची त्यांना साथ आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, अकोला, पुणे, सातारा करत थेट कोल्हापूर गाठते, म्हणजे संमेलन भरवू शकतील अशी निम्मी गावं एका तिकिटात. सालेकसाहून पॅसेंजरने गोंदिया, पुढे ही गाडी. पिशवीत दोन जोड कपडे, चिवडा आणि लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं. वरच्या बर्थवर चढण्याआधी समोरच्या प्रवाशाने विषय काढला नाही, तर मुनीमजी काढतात.

तालुक्याच्या संमेलनाचा क्रम त्यांना घड्याळासकट पाठ. ग्रंथदिंडी वेळेवर, उद्घाटक दोन तास उशिरा. त्यामुळे परिसंवाद जेवणाच्या वेळेत, जेवण कथाकथनाच्या वेळेत, आणि कथाकथन ‘वेळेअभावी’. कविसंमेलन मात्र मरत नाही. ते रात्री दहाला सुरू होतं, प्रत्येकाने एकच कविता वाचायची असं ठरतं आणि प्रत्येक जण ‘ही दुसरी अगदी छोटी’ म्हणतो. शेवटच्या कवीला ऐकायला माइकवाला उरतो, तोही वायर गुंडाळण्यासाठी. इथे मुनीमजींनी एक शोध लावला आहे. अलकच्या ओळी तोडल्या की ती मुक्तछंद होते. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी एकदा थांबायचं, ‘आई’ या शब्दावर दुसऱ्यांदा. तेवढ्यात टाळी पडते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मुनीमजी महिनाभर आधीपासून तयारीत. तीन ते पाच फेब्रुवारी. नेमकी पाच तारखेलाच माघ पौर्णिमा होती, म्हणजे कचारगडची यात्रा. सालेकसा तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या गुहेकडे दर वर्षी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड समाजाचे लाखो लोक येतात, पिवळे झेंडे घेऊन, ढोल वाजवत, रात्र रात्र गाणी म्हणत. मी म्हटलं, मुनीमजी, तुमच्या दारात एवढं घडतंय. त्या गुहेची आख्यायिकाच घ्या: तेहतीस मुलं आत कोंडलेली, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला निघालेले, आणि तोंडावरचा दगड हलवताना वाद्य वाजवणारा हिरासुका पाटालीर त्याच दगडाखाली गेलेला. याहून चांगली अलक कुठली? शंभर शब्दांतसुद्धा बसेल.

त्यांनी क्षणभर विचार केला. खरोखर केला, कारण बोटं आपोआप शब्द मोजायला लागली होती.

“बसते जी,” ते म्हणाले. “पण स्पर्धेला अप्रकाशित लागते. ही तर सगळ्यांना माहीत आहे.”

आणि वर्ध्याला गेले. तिथल्या कविकट्ट्यात त्यांनी वृद्धाश्रम वाचला. आल्यावर मला फोटो दाखवला. त्यात माइक स्पष्ट आला होता.

बक्षीस हुकलं की त्यांना भवभूती आठवतो. स्वतःला विदर्भातल्या पद्मपुराचा म्हणवणारा हा संस्कृत नाटककार आमगावजवळच्या पदमपूरचा, असं वा. वि. मिराशींचं मत, आणि आमगाव म्हणजे रेल्वेने आमच्या शेजारचंच. आपल्या जोडीचा रसिक आज नाही, पण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा कधी तरी जन्मेल, अशा अर्थाचं भवभूतीने लिहून ठेवलं आहे. मुनीमजींच्या मते ही उत्तेजनार्थ मिळालेल्या माणसाची भाषा आहे. मला हे टीकावचन संस्कृतच्या कित्येक प्राध्यापकांपेक्षा बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच एक राज्यस्तरीय अलक स्पर्धा काढली. शुल्क माफक, ई-प्रमाणपत्र सर्वांना, परीक्षक स्वतः. मला सहपरीक्षक केलं, कारण माझ्याकडे प्रिंटर आहे. कथा आल्या डोंबिवलीहून, कोथरूडहून, नाशिकहून. परीक्षक गोंदिया जिल्ह्यातला म्हटल्यावर लोकांनी काय पाठवावं? पानोपानी वाघ, तेंदूपत्ता, मोहाची दारू, शेकोटीभोवती नाचणारे पाडे. एका कथेत तर दिवाळीच्या रात्री मोहाची फुलं टपटप गळत होती. मुनीमजी म्हणजे चैत्रातल्या उन्हाळ्यात पहाटे उठून आईबरोबर मोहफुलं वेचलेला माणूस. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि कागद माझ्यासमोर आपटला.

“जे पाहिलंच नाही, ते लिहितात कशाला हे लोक?”

मी प्रिंटरमध्ये कागद घालत राहिलो. पहिला क्रमांक कोणाचा छापू, एवढंच विचारलं.

“कोणाचाच नाही. दर्जाच नाही कथांना,” मुनीमजी म्हणाले. “सगळ्यांना उत्तेजनार्थ टाका.”